गेम लांबणीवर पडतो तेव्हा राग कोणावर धरावा

म्हापशातील एका महाविद्यालयीन तरुणाने मला तीन गोष्टी विचारल्या आहेत. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ (जीटीए ६) या व्हिडिओ गेमची तारीख दोनदा पुढे गेल्यामुळे त्याच्या मित्रांचा गट संतापला आहे, त्यांतील काही जण समाजमाध्यमांवर निर्मात्यांना व्यक्तिशः शिव्या देतात, तर काही जण ‘चांगला गेम हवा असेल तर मुकाट्याने थांबा’ असे इतरांना सुनावतात, यांत बरोबर कोण? एवढा पैसा आणि एवढी माणसे असलेल्या कंपन्यांना स्वतःच्याच कामाचा अंदाज का येत नाही? आणि याच गटाने एका लहान भारतीय संचाच्या (टीमच्या) गेमसाठी आगाऊ पैसे भरले असून तो संच कित्येक महिने गप्प आहे, तिथे काय करावे? मी पुण्यात आणि बंगळूरला आधी गेमच्या चाचणी विभागात आणि पुढे निर्मिती व्यवस्थापनात काम केले, आणि आता फोंड्यात राहून तेच काम दूरस्थ पद्धतीने करतो. त्यामुळे उत्तर आतल्या माणसाचे आहे, पण निर्मात्यांची वकिली करण्याचा हेतू त्यामागे नाही.

गटातील दोन्ही बाजू एकच गल्लत करत आहेत. काम अपुरे असल्यामुळे ते पुरे होण्यास लागणारा वेळ ही एक गोष्ट झाली. काम किती उरले आहे हे ठाऊक नसताना, किंवा ठाऊक असूनही, लोकांना तारीख सांगणे आणि त्या तारखेच्या भरवशावर त्यांच्याकडून पैसे घेणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. पहिलीबद्दल रागावण्यात फारसा अर्थ नाही. दुसरीबद्दल खेळाडूंनी रागावलेच पाहिजे, आणि माझ्या मते ते पुरेसे रागावत नाहीत. तारीख बदलते त्या दिवशी त्यांचा संताप उसळतो, पण ती दिली जाते त्या दिवशी मात्र सगळे टाळ्या वाजवत असतात.

अंदाज का चुकतो, ते आधी पाहू. गेमच्या कामाचे ढोबळमानाने तीन टप्पे असतात. पूर्वतयारीच्या टप्प्यात लहान संच मूळ कल्पना करून पाहतो आणि गेमचा एखादा छोटा तुकडा अंतिम दर्जाचा करून दाखवतो. त्याला आमच्याकडे व्हर्टिकल स्लाइस म्हणतात. मग मुख्य निर्मिती, जिच्यात मोठ्या गेमवर शेकडो माणसे पात्रे, नकाशे, मोहिमा आणि आवाज तयार करत असतात. शेवटी अल्फा आणि बीटा. अल्फा म्हणजे ठरलेल्या सर्व सोयी निदान चालू अवस्थेत आहेत. बीटा म्हणजे सर्व सामग्रीही आत आली आहे आणि आता दोष काढणे तेवढे उरले आहे. कागदावर हे सरळ दिसते. अडचण अशी की, गेम रंजक आहे की नाही हे तो खेळता येण्याजोगा झाल्याशिवाय कळत नाही, आणि तिथवर पोहोचेपर्यंत बराचसा खर्च होऊन गेलेला असतो. घोड्यावरून लढण्याची कल्पना आराखड्यात उत्तम वाटते. ती तयार होते, चाचणीला येते आणि कंटाळवाणी निघते. ती काढून टाकावी, तर घोड्यासाठी मोठा केलेला नकाशा ओसाड वाटू लागतो. नकाशा लहान करावा, तर त्यावर बेतलेल्या मोहिमा पुन्हा मांडाव्या लागतात. आणि त्या मोहिमांतील संवाद तर कलावंतांच्या आवाजात आधीच ध्वनिमुद्रित झालेले असतात.

दोषांचे प्रकरण याहून चिवट असते. बीटाच्या काळात रोज किती नवे बग नोंदले गेले आणि किती मिटले, याचा आलेख आम्ही पाहत असतो. मिटणाऱ्यांची संख्या नव्यांपेक्षा सलग काही आठवडे अधिक राहिली, तरच तारखेबद्दल बोलण्यात अर्थ असतो. परंतु एक बग दुरुस्त करताना दुसरीकडे नवा निर्माण होतो, आणि सर्वांत छळणारे बग मागितल्या क्षणी पुन्हा घडवून दाखवता येत नाहीत: बरेच तास खेळल्यावर, दोन मोहिमा एका विशिष्ट क्रमाने केल्या तरच, साठवलेली फाइल खराब होते. असा बग कधी सापडेल हे कोणीही प्रामाणिक प्रोग्रामर सांगू शकत नाही, आणि तो सापडल्याशिवाय गेम बाहेर सोडणे म्हणजे एखाद्याचे महिनाभराचे खेळणे पुसून टाकणे होय.

त्यानंतर कन्सोलवरची परीक्षा असते; कन्सोल म्हणजे खास गेम खेळण्यासाठीचे यंत्र. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो आपापल्या यंत्रावर येणारा प्रत्येक गेम स्वतःच्या तांत्रिक अटींनुसार तपासून घेतात. कंट्रोलर मध्येच बंद पडला, वापरकर्त्याने खाते बदलले, इंटरनेट तुटले, साठवणुकीची जागा संपली, तरी गेम कोसळता कामा नये, अशा त्या अटी असतात. त्यांत नापास झाल्यास दुरुस्ती करून पुन्हा सादर करायचे. (पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या आपल्या गावांतील खेळाडू यांतल्या काही चाचण्या फुकटात करून देत असतात.) यंत्रे जितकी अधिक, तितके हे काम वाढत जाते. ‘सायबरपंक २०७७’ची तारीख शेवटच्या वेळी पुढे गेली तेव्हा कंपनीने कारण दिले होते की, जुनी कन्सोल, नवी कन्सोल आणि संगणक मिळून गेमच्या ९ आवृत्त्या एकाच वेळी तपासाव्या लागत आहेत.

गोव्यातील वाचकांना यातला पेच चटकन कळेल, कारण देवळाच्या जत्रेतील नाटकाची रात्र तिथीने ठरलेली असते. तालीम कितीही कच्ची असली तरी पडदा त्या रात्री वर जातोच. म्हणून दिग्दर्शक शेवटच्या आठवड्यात एखादे पद गाळतो, एखादा प्रवेश आखडता घेतो आणि पाठांतर नसलेल्या नटासाठी विंगेत प्रॉम्प्टर उभा करतो. वेळ हलत नाही, म्हणून आकाराने आणि दर्जाने माघार घ्यायची असते. गेमलाही हे करता येते, मात्र फार आधी करावे लागते, कारण अखेरच्या महिन्यात गेममधून एक प्रवेश काढला की त्यावर टेकलेले दहा डोलू लागतात. तारखा पाळणारे गेम जगात आहेतच. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेचा नवा गेम २००५ पासून दरवर्षी येतो. वेगवेगळे स्टुडिओ आळीपाळीने काम करतात, आणि एका गेमचा तांत्रिक पाया पुढच्याला वापरला जातो. म्हणजे वक्तशीरपणा शक्य आहे, पण त्याची किंमत नावीन्यात मोजावी लागते. दरवर्षी तोच तो गेम येतो म्हणून नाके मुरडणारे आणि जीटीए उशिरा येतो म्हणून संतापणारे खेळाडू पुष्कळदा एकच असतात, एवढे मी जाता जाता नोंदवतो.

पैसा आहे तर माणसे वाढवा, हा उपायही अनेकांना सुचतो. आयबीएममध्ये मोठा सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे की, उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी उशिरा पुरा होतो. नव्या माणसाला काम शिकवण्यासाठी जुन्या जाणत्याचा वेळ जातो, आणि माणसे वाढली की त्यांच्यातील विचारविनिमयाचा पसारा त्याहून वेगाने वाढतो. मग हाताशी उरतो तो क्रंच, म्हणजे आहेत त्याच माणसांना रात्री आणि सुट्टीच्या दिवशी राबवणे. ‘सायबरपंक’ बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेड या पोलंडच्या कंपनीने २०१९ मध्ये सक्तीचा क्रंच टाळण्याची ग्वाही दिली होती. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस तिने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे सहा दिवस काम करायला सांगितले. थकलेला माणूस जितके बग मिटवतो, जवळपास तितकेच नवे घालतो, हे चाचणी विभागात बसलेल्या कोणालाही विचारून पाहा.

आता तारखेकडे वळतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार स्टुडिओची मालक कंपनी टेक-टू ही नॅस्डॅक शेअर बाजारात नोंदलेली आहे आणि तिचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. जीटीए ६ चा पहिला ट्रेलर २०२३ च्या डिसेंबरात आला आणि त्यात २०२५ हे वर्ष दिले होते. पुढे ‘२०२५ चा शरद ऋतू’ असे ठरले. २ मे २०२५ रोजी ते २६ मे २०२६ झाले. आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, ज्या दिवशी कंपनीने तिमाही निकाल मांडले त्याच दिवशी, १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख सांगण्यात आली. या कालक्रमाकडे नीट पाहिले की लक्षात येते, तारीख लवकर कळण्याची निकड खेळाडूंपेक्षा गुंतवणूकदारांना अधिक होती. पुढच्या वर्षी किती महसूल येईल, हे बाजाराला सांगावे लागते, आणि ज्या कंपनीचे सारे लक्ष एका गेमकडे लागले आहे तिला तो गेम कोणत्या वर्षात धरायचा याचे उत्तर द्यावेच लागते. बग मोजणारा विभाग त्या वेळी काय म्हणत होता, हे बाहेर कोणाला कळत नाही.

शिवाय या स्टुडिओचा पूर्वेतिहास सर्वांसमोर आहे. जीटीए ५ आधी २०१३ च्या वसंत ऋतूत येणार होता, तो त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आला. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ २०१७ मध्ये येणार होता. त्याचीही तारीख दोनदा बदलून तो २६ ऑक्टोबर २०१८ रोजी आला. दोन्ही गेम आले तेव्हा चांगल्या अवस्थेत आले. ज्यांना हे ठाऊक होते, त्यांनी २०२५ या वर्षाकडे कंपनीची इच्छा म्हणूनच पाहिले असणार. आणखी एक गोष्ट तुमच्या गटाने ध्यानात घ्यावी: दुसऱ्यांदा तारीख बदलली तेव्हा या गेमची आगाऊ विक्री सुरूही झालेली नव्हती. अपेक्षाभंग झाला, पण खिशातून काही गेले नव्हते. त्या दोन बदलांवरून ‘फसवणूक’ हा आरोप करणे मला पटत नाही.

सायबरपंकच्या बाबतीत मात्र तो आरोप सहज फेटाळता येत नाही. गेम २०१२ मध्ये जाहीर झाला. २०१९ मध्ये १६ एप्रिल २०२० ही तारीख मिळाली आणि आगाऊ विक्री सुरू झाली. मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर, आणि शेवटी १० डिसेंबर. त्यातही शेवटचा बदल गेम ‘गोल्ड’ झाल्याचे, म्हणजे विक्रीयोग्य आवृत्ती तयार झाल्याचे, जाहीर केल्यानंतर काही आठवड्यांतच झाला. ज्यांनी कामावरून रजा घेऊन ठेवल्या होत्या ते भडकले, आणि त्यांचे भडकणे समजण्यासारखे होते. पण संतापाचे खरे कारण १० डिसेंबरला पुढे आले. तगड्या संगणकावर गेम देखणा होता. सोनीचा पीएस४ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर तो अडखळत होता, कोसळत होता, रस्त्यावरची माणसे आणि पोत डोळ्यांदेखत उशिराने उमटत होते. दहा दिवसही झाले नव्हते तोच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तिथे तो परतला २१ जून २०२१ रोजी.

कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी २०२१ च्या जानेवारीत जाहीर निवेदन दिले, ते या विषयात रस असणाऱ्याने मुळातून पाहावे. आधी संगणकासाठी गेम भव्य करायचा आणि मग तो जुन्या कन्सोलवर बसवायचा हे काम आपण कमी लेखले, असे त्यांनी सांगितले. शहराचे दृश्य धावत्या खेळात यंत्राच्या स्मृतीत सतत आत-बाहेर करणारी प्रणाली जुन्या यंत्रांसाठी पुन्हा पुन्हा सुधारावी लागली, हे सांगितले. आणि गेम त्या अवस्थेत बाजारात आणण्याचा निर्णय वरिष्ठांचा होता, दोष कर्मचाऱ्यांना देऊ नका, असेही सांगितले. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तीन वेळा तारीख बदलणाऱ्या कंपनीने चौथ्यांदा ती बदलली असती तर खेळाडूंचे नुकसान कमी झाले असते. ते तिने केले नाही, आणि त्या न झालेल्या उशिराबद्दल पुढे गुंतवणूकदारांचे खटलेही तिला सोसावे लागले. आज तो गेम उत्तम अवस्थेत आहे, पण २.० ही मोठी दुरुस्ती यायला सप्टेंबर २०२३ उजाडले.

मराठी खेळाडूंना याहून जवळचे उदाहरण आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मालिकेतील ‘द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गेमची नवी आवृत्ती युबिसॉफ्टने आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिली, आणि १० सप्टेंबर २०२० रोजी ती जाहीर करताना २१ जानेवारी २०२१ ही तारीख सांगितली. भारतातील स्टुडिओंनी एवढ्या नावाजलेल्या गेमचे नेतृत्व करावे ही आमच्या व्यवसायात मोठी बातमी होती. ट्रेलर आला आणि त्यातील चेहरे, प्रकाश आणि हालचाली पाहून जगभर टीका झाली; टीका रास्त होती, पण तिचा एक भाग पाहता पाहता ‘भारतीयांकडून आणखी काय होणार’ या पातळीवर उतरला, आणि दुर्दैवाने त्यात आपलेच लोकही होते. तारीख आधी १८ मार्च २०२१ झाली, मग अनिश्चित काळासाठी पुढे गेली. २०२२ च्या मे महिन्यात काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. आणि २०२६ च्या जानेवारीत कंपनीने प्रकल्पच रद्द केल्याचे सांगितले. जाहीर करण्यापासून विक्रीपर्यंत साडेचार महिनेच ठेवले, तर टीकेतून शिकून काही बदलण्यास जागाच राहत नाही. साडेचार महिन्यांत बग निघतात. चित्रणाची सबंध शैली बदलत नाही.

याच्या उलट वागणूक २०२० मध्येच ‘हेलो इन्फिनिट’च्या बाबतीत दिसली. जुलैत त्याचे प्रात्यक्षिक झाले आणि खेळाडूंनी सपाट प्रकाश, कच्चे पोत, निर्जीव चेहरे यांवर नेमके बोट ठेवले. पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबरातील नव्या कन्सोलसोबत येणारा हा गेम लांबणीवर टाकला आणि तो ८ डिसेंबर २०२१ रोजी आला. नव्या कन्सोलच्या विक्रीचा मुहूर्त सोडून देणे हा मोठा व्यापारी तोटा होता, तरी तो पत्करला गेला. म्हणून ‘मुकाट्याने थांबा’ हा तुमच्या मित्रांचा सल्ला मला मान्य नाही. नेमकी टीका कामाला येते, आणि आमच्याकडे चाचणी विभागातील माणसे तिची वाटही पाहत असतात, कारण जे दोष त्यांनी महिन्यांपूर्वी लिहून दिलेले असतात आणि वरिष्ठांनी मागे ठेवलेले असतात, ते अशा वेळी एकाएकी महत्त्वाचे ठरतात.

शिव्यांची गोष्ट वेगळी. २०१६ च्या मे महिन्यात ‘नो मॅन्स स्काय’ जूनमधून ऑगस्टमध्ये गेला, एवढ्यावरून त्याचे प्रमुख शॉन मरी यांना आणि ती बातमी देणाऱ्या पत्रकारालाही ठार मारण्याच्या धमक्या आल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये सायबरपंकच्या निर्मात्यांना आल्या. यांत सभ्यतेचा प्रश्न आहेच, पण व्यवहारही पाहा. समाजमाध्यमांवर जो हाताशी सापडतो तो बहुधा एखादा चित्रकार, आराखडाकार किंवा खेळाडूंशी संपर्क ठेवणारा कर्मचारी असतो. तारीख ठरवणाऱ्या बैठकीत तो नसतो. त्याच्यावर तुटून पडले की स्टुडिओ पहिली गोष्ट ही करतो, की कर्मचाऱ्यांना बाहेर बोलण्यास मनाई करतो. मग उरते ती जाहिरात विभागाने घासूनपुसून लिहिलेली चार वाक्ये, आणि ‘कंपनी आम्हांला काहीच सांगत नाही’ ही पुढची तक्रार.

सांगणे आणि गप्प राहणे यांबद्दल माझे मत सरळ नाही. निन्टेन्डोने जून २०१७ मध्ये ‘मेट्रॉइड प्राइम ४’ जाहीर केला आणि जानेवारी २०१९ मध्ये चित्रफीत काढून सांगितले की, झालेले काम आमच्या अपेक्षेला उतरत नाही, आम्ही रेट्रो स्टुडिओजबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत आहोत. गेम २०२५ च्या डिसेंबरात आला. मधल्या काळात चिडचिड झाली, पण कंपनी खोटे बोलली असे कोणी म्हणू शकले नाही. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडची टीम चेरी मात्र गप्प राहिली. तिचा ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला; २०२२ च्या जूनमध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात तो येत्या १२ महिन्यांत खेळता येईल असे सूचित झाले; २०२३ च्या मे महिन्यात तसे होणार नाही एवढेच कळले; आणि मग सगळे शांत. शेवटी अवघे दोन आठवडे आधी तारीख देऊन गेम ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला, आणि त्या दिवशी गर्दीमुळे ऑनलाइन दुकानेच कोलमडली. मोजकीच माणसे असलेल्या त्या संचाने मुलाखतीत सांगितले की काही अडले नव्हते, काम आनंदात चालले होते आणि कल्पना वाढत गेल्या. पहिल्या गेमच्या विक्रीमुळे त्यांना पैशांची चिंता नव्हती आणि नव्या गेमची आगाऊ विक्री त्यांनी केली नव्हती, म्हणून त्यांचे मौन मी फार मनावर घेत नाही. ज्याने पैसे घेतले आहेत त्याला मात्र मौनाची ही मुभा नाही.

पैशांबद्दल व्यवहाराचे दोन शब्द. स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात आगाऊ घेतलेला गेम बाजारात येईपर्यंत केव्हाही परत करता येतो, आणि एरवी खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा गेम विकत घेऊन खेळण्याच्या सोयीत, मात्र खेळलेला वेळ या २ तासांत लगेच धरला जातो. ‘गेम अजून पुरा कुठे झाला आहे’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. डिजिटल प्रत कधीही संपत नाही, त्यामुळे ती महिनाभर आधी विकत घेण्यात खेळाडूचा काय लाभ, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही. आपल्याकडे काहींची डिस्क आखातातून सुट्टीवर येणाऱ्या मामा-काकांच्या बॅगेतून येते. तिथे परतीचा प्रश्नच नसतो, तेव्हा परीक्षणे येईपर्यंत मामांना थांबवा.

आता तुमचा तिसरा प्रश्न. गेम अपुरा असताना लोकवर्गणी देणे ही खरेदी नव्हे, हे आधी मान्य करावे लागेल. ‘स्टार सिटिझन’ने २०१२ मध्ये लोकवर्गणी सुरू केली तेव्हा २०१४ चे उद्दिष्ट सांगितले होते, त्याच्या निधीने पुढे ५० कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला आणि गेम दशकभरानंतरही अल्फा अवस्थेतच राहिला. उलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची ‘राजी’ या गेमसाठीची किकस्टार्टर या संकेतस्थळावरील लोकवर्गणीची मोहीम २०१७ मध्ये उद्दिष्ट गाठू शकली नाही, तरी गेम २०२० च्या ऑगस्टमध्ये आला. वर्गणी जमली की न जमली यावरून काहीच ठरत नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ साठी १ कोटीहून अधिक पूर्वनोंदण्या घेतल्या. खेळाडूंना तिथेही ऑक्टोबर २०२४ पर्यंत ताटकळावे लागले, परंतु त्या नोंदणीला एक रुपयाही लागत नव्हता, आणि हा फरक मोठा आहे.

तुम्ही पैसे दिलेल्या संचाला एकत्र पत्र लिहा, आणि त्यात ‘गेम कधी येणार’ हा प्रश्न विचारू नका, कारण त्याचे उत्तर पुन्हा एक तारीखच असेल. असे विचारा: गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग खेळता येतो का, की तुकड्यांनी? ठरलेल्यांपैकी कोणत्या सोयी वगळल्या? पूर्णवेळ काम करणारी माणसे आज किती आहेत आणि त्यांच्या पगाराची सोय किती महिन्यांची आहे? खेळता येण्याजोगी शेवटची आवृत्ती केव्हाची आहे, आणि ती वर्गणीदारांना पाहता येईल का? जिवंत प्रकल्पाला यांतल्या निदान दोन प्रश्नांची उत्तरे एका आठवड्यात देता येतात. ओबडधोबड का होईना, दहा मिनिटांची चित्रफीत दाखवता येते. नवे ट्रेलर, नवे चित्र किंवा नवी विक्रीयोग्य वस्तू उत्तरादाखल आली आणि खेळता येणारे काहीच आले नाही, तर काम थांबले आहे असे समजून चाला. पैसे मागायचे असतील तर वेळ दवडू नका, कारण संच मोडला की मागायला कोणी उरत नाही. एखाद्या संकेतस्थळामार्फत भरले असतील तर आधी त्याच्या नियमांनुसार दावा करा. थेट यूपीआयने किंवा बँकेत पाठवले असतील तर पावत्या, त्या वेळचे आश्वासनाचे पान आणि नंतरचे संदेश यांच्या प्रती काढून ठेवा, आणि लेखी मागणीला उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना त्या हाताशी असू द्या.